उस्ता मेतवल्लीची छोटी उशी

उस्ता मेतवल्लीला डोळे बांधून एखाद्या गादीवर बसवलं असतं, तर त्याने नुसत्या बैठकीच्या जोरावर सांगितलं असतं की कापूस कुठल्या शेतातला आहे, किती वर्षांचा आहे आणि तो भरताना गादीवाल्याचं लक्ष कुठे होतं. कापसात मोहरीएवढी गुठळी राहिली तरी त्याच्या बोटांना ती लागायची. कफ्र सालेम गावातल्या नवऱ्या चौतीस वर्षं त्याने पिंजलेल्या कापसावर झोपायला सासरी गेल्या होत्या. काही गेल्या गावातल्या दुसऱ्या उस्तादाच्या, म्हणजे उस्ता शलबीच्या गादीवर. पण त्यांचा विषय निघाला की मेतवल्ली फक्त उसासा टाकायचा आणि म्हणायचा, "अल्लाह त्यांच्या पाठी सांभाळो."

शलबीने विजेचं यंत्र घेतलं होतं. मेतवल्ली अजून धनुकलीच वापरायचा. दांडा डाव्या छातीला टेकवायचा, उजव्या हाताने तातीवर मोगरी मारायची आणि कापूस हवेत असा उडवायचा की गल्लीतल्या कोंबड्यासुद्धा पांढऱ्या व्हायच्या. "यंत्र कापूस पिंजत नाही," तो म्हणे, "त्याला शिव्या देतं."

तर अशा ह्या माणसाच्या डाव्या छातीत, बोंडाच्या बरोबर खाली हरभऱ्याएवढी गाठ आली, आणि ती त्याला धनुकलीचा घट्टा वाटली. काखेत कळसा म्हणतात. ह्याचा कळसा काखेपासून चार बोटांवर होता.

त्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. मोच्याच्या मांडीला घट्टा पडतो, शिंप्याच्या बोटाला पडतो, मग पिंजाऱ्याच्या छातीला का पडू नये? उलट त्याला थोडा अभिमानच वाटला. त्याने रात्री जवसाचं तेल चोळलं, आणि मग कारागिराला शोभेल असा उपाय केला. ठेवणीतला लांब धाग्याचा कापूस काढून खजुराच्या बिस्किटाएवढी एक उशी शिवली. चारी कोपरे टोकदार, मधे बारीक टाका. ती बनियनच्या आत गाठीवर बसवली, म्हणजे दांडा लागायला नको. आख्ख्या मिसर देशात कुठल्या दुखण्याला इतकं सुबक अंथरूण मिळालं नसेल. आणि गंमत अशी की ते दुखत नव्हतंच.

दोन महिने गेले. हरभऱ्याचा वाल झाला. एका सकाळी दाढी करताना आरशात पाहिलं तर बोंड आत गेलेलं. मेतवल्लीचा वस्तरा गालावरच थांबला. गादीच्या मधोमध टाका ओढून घेतला की जसा खळगा पडतो, हुबेहूब तसा. आणि असा खळगा आपोआप पडत नाही, आतून कुणीतरी दोरा ओढून धरलेला असतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याने बनियन घातलं, उशी सारखी केली आणि स्वतःला बजावलं, आधी पोरीचं लग्न.

पोर म्हणजे धाकटी रद्वा. थोरल्या दोघींच्या गाद्या त्याने स्वतः पिंजल्या होत्या. हिचं लग्न सात आठवड्यांवर होतं आणि त्याआधी दोन आठवडे गादीभरणी: गल्लीत चटया पसरायच्या, कापसाचा डोंगर करायचा, लाल सरबत वाटायचं, बायकांनी जीभ हलवून किलकाऱ्या घालायच्या आणि बापाने पोरीची गादी भरायची. तेवढं होऊ दे. मग छाती काय म्हणते ते ऐकू.

पण छातीच्या आधी इन्शिराह बोलली.

इन्शिराह त्याची बायको. गावच्या दवाखान्यात बायकांच्या छातीची मोफत तपासणी होती, तिथे जाऊन आली आणि अंगणात मोलोखियाच्या भाजीची पानं खुडत रद्वाला सगळं सांगत बसली. मेतवल्ली आत भाकरी खात होता.

"गाठ दुखत असेल तर एवढं घाबरायचं नाही म्हणाली नर्स. दुखत नसेल तर घाबरायचं. कडक लागते का, जागची हलते का, बघायचं. बोंड आत ओढलं गेलं तर लगेच यायचं. त्यातून पाणी आलं, रक्त आलं तर धावत यायचं."

आतला घास आतच राहिला. मेतवल्लीने मनातल्या मनात बोटं मोजली. दुखत नाही, एक. कडक आहे, दोन. हलत नाही, तीन.

"अगं, काय हे बायकी बोलणं!" तो आतूनच ओरडला. "रस्त्यावर ऐकू जातंय!"

"मग तू कान बंद कर ना! तुला काय करायचंय? तुला आहेत का?"

रद्वा फिस्सकन हसली. मेतवल्लीला असा ठसका लागला की दोघींना पानं टाकून त्याच्या पाठीवर थापा मारायला यावं लागलं. थापा मारताना इन्शिराहच्या हाताला बनियनखाली काहीतरी टोकदार लागलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिने एक शिकून घेतलं होतं: नवऱ्याला प्रश्न विचारू नये, त्याचे कपडे धुवावेत.

तिसऱ्या दिवशी ती उशी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"हे काय आहे?"

"उशी."

"कुणाची? उंदराची?"

"घट्ट्याची. धनुकली लागते इथे."

"आणि हा डाग? धनुकलीला रक्त येतं?"

पांढऱ्या खोळीच्या मधोमध मसुरीएवढा तपकिरी डाग होता. मेतवल्लीने तो पाहिलाच नव्हता. शिवण पाहण्याच्या नादात पाहिला नव्हता. इन्शिराहने काही न विचारता त्याच्या छातीवर हात ठेवला. तीन बोटं, नर्सने शिकवली तशी, गोल गोल. मेतवल्ली तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ह्या बाईचं तोंड गप्प बसलेलं त्याने क्वचितच पाहिलं होतं, आणि जेव्हा पाहिलं तेव्हा बातमी चांगली नव्हती.

"कपडे घाल," ती म्हणाली. "तंताला जायचंय."

"बायकांच्या रांगेत बसवणार मला?"

"बसायला जागा मिळाली तर बसवीन. नाहीतर उभा राहा."

तंता शहरातल्या इस्पितळात छातीच्या तपासणीच्या मजल्यावर भिंती गुलाबी होत्या आणि चाळीस बायका बसल्या होत्या. दारावरची नर्स म्हणाली, "चाचा, नवरेमंडळींनी खाली थांबायचं." इन्शिराह म्हणाली, "हाच आजारी आहे." नर्सने दोघांकडे दोनदा पाहिलं आणि एक छापील कागद काढला. तो बायकांसाठीच छापलेला होता आणि नर्स नियमाची पक्की होती.

"शेवटची मासिक पाळी?"

मेतवल्लीने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "लिहा, देवाच्या दयेने अजून सुरू झालेली नाही."

"मुलांना अंगावर पाजलं?"

"ह्याने? ह्याने त्यांना कधी चहा पाजला नाही!"

आजूबाजूच्या बायका हसल्या. मेतवल्लीही हसला, पण कागदावरच्या उरलेल्या प्रश्नांकडे बघत. शेजारी एक जाडजूड बाई होती. तिने आपुलकीने विचारलं, "बाईंना कधीपासून आहे, भाऊ?"

"दोन महिने झाले," मेतवल्ली जमिनीकडे बघत म्हणाला.

तेवढ्यात आतून हाक आली, "मादाम मेतवल्ली!" आणि चाळीस बायकांदेखत मिशीवाला, सहा फुटी मादाम मेतवल्ली उठून उभा राहिला. आता कुणी हसलं नाही. ते न हसणं त्याला जास्त लागलं. जाडजूड बाईने पिशवीतून तीळ लावलेलं पावाचं कडं काढून त्याच्या हातात कोंबलं. "घे रे भावा. रिकाम्या पोटी भीती जास्त वाटते."

आत यंत्राने त्याची छाती दोन पाट्यांमधे भाकरीसारखी थापली. छातीवर मुळात मांस कमी, त्यामुळे तंत्रज्ञ बाईने त्याला चिमटीत धरून ओढून ओढून बसवलं. मग सोनोग्राफी. मग सुई. त्याने आयुष्यात लाखभर वेळा गादीत दाभण खुपसलं असेल. गादीला काय वाटत असेल ते त्या दिवशी कळलं. टिच् असा आवाज झाला, आणि गाठीचा दोऱ्याएवढा तुकडा बाटलीत पडला. तो बाटलीकडे असा बघत राहिला, जसा शलबीने पिंजलेला कापूस बघायचा.

"दहा दिवसांनी कळेल," डॉक्टर नर्मीन म्हणाल्या. चाळिशीच्या, बुटक्या, बोलताना पेन हलवणाऱ्या.

"पण डॉक्टरीणबाई, हे पुरुषाला होतं?"

"शंभर बायकांमागे एखादा पुरुष येतो. आणि तो उशिराच येतो. बायको ओढून आणते तेव्हा." त्यांनी इन्शिराहकडे पाहिलं. "ह्यांनी वेळेवर ओढलेलं दिसतंय. पण आत्ताच काही सांगत नाही. घराण्यात कुणाला होतं?"

मेतवल्लीला आईची बहीण आठवली. तिला 'छातीचं दुखणं' होतं, एवढंच लोक सांगत. कसलं, हे कुणी सांगत नव्हतं.

"मग तुमचं रक्तही तपासू. त्यात दोष निघाला तर मुलींचंही बघावं लागेल."

येताना मायक्रोबसमधे मेतवल्ली एकच वाक्य बोलला, "उम्म तामेरला कळलं तर?"

उम्म तामेर म्हणजे रद्वाची होणारी सासू. एका वांग्याला डाग दिसला तर दुकान बदलणारी बाई. सुनेच्या बापाच्या रक्तात दोष आहे म्हटल्यावर ती काय बदलील, हे दोघांनाही बोलून दाखवायची गरज नव्हती.

म्हणून गावात सांगितलं की उस्ताला हर्निया आहे. हर्निया हा पुरुषाचा आजार, वजन उचलल्याची शान. दहा दिवस शेजारी येऊन सल्ले देत होते. उस्ता शलबीने तर आपल्या मेव्हण्याचा कमरपट्टा आणून दिला. "घे, नवाच आहे. त्याने दोनच वर्षं वापरला."

मेतवल्लीने चौतीस वर्षांत पहिल्यांदा शलबीचे आभार मानले, आणि रात्रंदिवस पट्टा पोटाला बांधून छातीची काळजी करत बसला. नमाजाला उभा राहिला की हात छातीवर जायचा आणि बोटं आपोआप गाठ चाचपायची. किती वेळा नमाज पहिल्यापासून सुरू केला त्याचा हिशेब वरच्याकडेच असेल.

दहाव्या दिवशी कळलं. कॅन्सर. पावणेदोन सेंटीमीटर.

"लवकर सापडलाय," डॉक्टर नर्मीन म्हणाल्या. "डावा स्तन पूर्ण काढायचा. पुरुषांमधे जागाच थोडी असते, अर्धंमुर्धं करण्यात अर्थ नाही. आणि काखेतल्या पहिल्या गाठी, सगळ्यांनाच असतात त्या, तपासायच्या. कॅन्सर पसरतो तो आधी तिथे. त्या स्वच्छ असल्या तर आपण सुटलो असं समजा. येत्या रविवारी या."

"रविवारनंतर अकरा दिवसांनी पोरीची गादीभरणी आहे," मेतवल्ली म्हणाला. "ती झाली की येतो. धनुकलीला डावा हात लागतो, डॉक्टरीणबाई. थोरल्या दोघींच्या मीच भरल्या. हिच्या वेळी बाप नुसता बसून राहिला तर लोक काय म्हणतील?"

डॉक्टर काही म्हणणार एवढ्यात इन्शिराहने पिशवीतून ती छोटी उशी काढून टेबलावर ठेवली. डाग वर करून.

"माणसा, ह्याला तू दोन महिने मऊ अंथरूण दिलंस. आता अजून किती दिवस झोपू द्यायचंय?"

मेतवल्लीने उशी उचलली, कोपरे चाचपले, खिशात टाकली. "रविवारी किती वाजता?" त्याने विचारलं.

रविवारी ऑपरेशन होऊन शुद्धीवर आल्यावर डावी छाती सपाट, पट्टीखाली, आणि काखेतून एक नळी निघून प्लास्टिकच्या डबीत गेलेली. दुखणं सोसवत होतं. पण लघवीला गेला आणि आतून त्याने अशी बोंब ठोकली की दोन नर्सा धावल्या. लघवी हिरवीनिळी!

"संपलो!" तो म्हणत होता. "आत सगळं सडलं!"

"काखेतल्या गाठी शोधायला निळा रंग टोचला होता, चाचा," नर्स म्हणाली. "दोन दिवसांत जाईल."

"अगं, मग आधी सांगायचं ना! अर्धा जीव आत्ताच सांडला."

तीन गाठी काढल्या होत्या. त्यांचा निकाल यायचा होता गुरुवारी, म्हणजे नेमका गादीभरणीच्या दिवशी. जन्मभर कापसाचे डोंगर हाताळलेल्या माणसाचा जीव आता वाटाण्याएवढ्या तीन गाठींवर टांगला होता.

गुरुवारी सकाळी इन्शिराह कागद आणायला तंताला निघाली. "ऐक," ती म्हणाली. "गल्लीभर लोक असतील, त्यात मी काय ओरडून सांगू? जितक्या गाठी स्वच्छ तितक्या किलकाऱ्या घालीन. गादीभरणीच्या दिवशी नवरीच्या आईने किलकारी घातली तर कुणी विचारत नाही."

"आणि एकही स्वच्छ नसली तर?"

"तर गुपचूप येऊन तुला चहा करून देईन."

गल्लीत चटया पसरल्या. कापसाचा डोंगर झाला. डोंगराच्या ह्या बाजूला खुर्चीत मेतवल्ली, ढगळ गलाबिया झग्याच्या आत खिशात नळीची डबी, आणि त्या बाजूला यंत्र घेऊन शलबी! दुसरं कोण होतं गावात? शलबीने पैसे घ्यायला नकार दिला होता, हे तर मेतवल्लीला जास्तच झोंबलं. फुकटात मिळालेल्या वाईट कामाला नावं कशी ठेवायची?

यंत्र घरघरत होतं. बायका टाळ्या वाजवत होत्या. मधोमध उम्म तामेर हातात सरबताचा पेला धरून कापूस तपासत होती. मेतवल्लीचे डोळे गल्लीच्या तोंडाकडे. एक मायक्रोबस गेली. दुसरी गेली. चुलीवर कुणीतरी चहा टाकला, त्याचा वास आला आणि मेतवल्लीने झटकन मान वळवून पाहिलं, इन्शिराह तर नव्हे?

शलबीने खोळ भरली आणि तोंड शिवायला घेतलं. मेतवल्लीने लांबूनच पाहिलं, उशाकडच्या कोपऱ्यात कापूस जास्त गेलाय. राहवेना. "अरे, थांब, तो कोपरा—" म्हणत तो तटकन उठला. डबी खिशातून निसटली आणि नळीला लोंबकळत गुडघ्यापाशी आली. आत लालसर पाणी.

टाळ्या थांबल्या.

"उस्ता," शलबी म्हणाला, "हर्निया काखेत असतो?"

दोघंतिघं हसले आणि लगेच गप्प झाले. कुणीतरी यंत्र बंद केलं. मेतवल्लीने डबी उचलून हातात धरली. रद्वा पुढे यायला लागली, तिला त्याने नजरेनेच थांबवलं.

"हर्निया नाही. छातीचा कॅन्सर. डावी बाजू काढली."

"पण तो तर बायकांना होतो," उम्म तामेर म्हणाली.

"मलाही तसंच वाटत होतं. म्हणून तर दोन महिने त्याला उशी शिवून दिली."

उम्म तामेरने पेला तोंडाशी नेला होता, तो तिथेच थांबला. "रक्तात असतो का हा?"

"कधी कधी असतो. माझं रक्त दिलंय तपासायला. महिन्याने कळेल. दोष निघाला तर पहिल्यांदा तुमच्या दारात येऊन सांगीन. लपवण्यात मी किती हुशार आहे ते आत्ता पाहिलंतच."

तिने पेला ना खाली ठेवला ना ओठाला लावला. रद्वा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मेतवल्लीला वाटलं, आपल्या छातीतून काढलं ते थोडंच होतं, खरी चिरफाड ही आहे.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मायक्रोबस थांबली आणि इन्शिराह उतरली. चेहरा धुळीने भरलेला, ओळखायचं काय? ती थांबली. जीभ हलली.

एक.

बायकांनी सवयीने साथ दिली. मेतवल्लीने खुर्चीची पाठ धरली.

दोन.

आणि मग काहीच नाही. शेजारणीने पुढे होऊन दमलेल्या इन्शिराहच्या तोंडाला सरबताचा पेलाच लावला. "पी, बाई, पी! घसा सुकला तुझा!" इन्शिराह मान झटकते आहे, शेजारीण पाजते आहे. पाहुणचारापुढे कुणाचं चाललंय? दोनच? तिसरी? मेतवल्ली टाचा उंचावून बघू लागला. तिसरी गाठ कुठे आहे?

इन्शिराहने अर्धं सरबत शेजारणीच्या अंगावर उडवलं, श्वास घेतला आणि अशी लांबलचक किलकारी घातली की झोपलेली कुत्री उठली.

तीन.

मेतवल्ली मटकन खाली बसला. इन्शिराह धावत आली, धापा टाकत त्याच्या कानाशी म्हणाली, "तिन्ही स्वच्छ. डॉक्टरीणबाईंकडून तीनदा वदवून घेतलं. फक्त रोज एक गोळी, पाच वर्षं. त्याने अंगातून वाफा येतील म्हणाल्या."

"कसल्या वाफा?"

"मला येतात तशा. दोन वर्षं मी पंख्यासमोर बसले की कोण हसत होतं रे?"

रद्वा बापाच्या उजव्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती. उम्म तामेर तिघांकडे बघत उभी होती. मग तिने पेला ओठाला लावला, एका दमात संपवला आणि रिकामा पेला रद्वाच्या हातात दिला. "अजून आण गं," ती म्हणाली. एवढंच. महिन्याने रक्ताचा कागद आल्यावर ती काय म्हणेल हे कुणालाच माहीत नव्हतं; पण आजचं सरबत तिने प्यायलं होतं.

मेतवल्ली उठला, डबी इन्शिराहकडे धरायला दिली आणि शिवलेल्या गादीपाशी जाऊन उजव्या हाताची तीन बोटं उशाकडच्या कोपऱ्यावर ठेवली. गोल गोल फिरवली. सगळी गल्ली बघत होती.

"उसव," तो म्हणाला.

"अरे बाबा, आत्ता शिवली!" शलबी कळवळला. "एवढीशी गुठळी तर आहे. पोर झोपली की आपोआप बसेल."

"आपोआप काही बसत नाही, शलबी," मेतवल्ली म्हणाला आणि कात्री त्याच्या हातात दिली. "आत्ता काढ."